सहीनंतरचे सहा तास

आई, मागच्या आठवड्यात तुझी एक विद्यार्थिनी मला भेटली. मी आता अबू धाबीकडच्या रुवैसला असतो, हे तुला माहीत नाही. तू गेलीस त्यानंतर दोन वर्षांनी मी इथल्या एका कंपनीत एचआर मॅनेजर म्हणून आलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रिफायनरीच्या चिमण्या, मधे आमची कॉलनी. बाहेरून सेफ्टी ऑडिट करायला एक टीम आली होती, त्यात ती होती. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये माझ्यासमोर ट्रे ठेवून बसली, गळ्यातल्या बॅजवरचं माझं आडनाव पुन्हा एकदा वाचलं आणि मराठीत विचारलं, "सर, तुमच्या आई शारजात इतिहास शिकवायच्या का?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मी फक्त महिनाभर होते त्यांच्या वर्गात. दोन हजार नऊला." पुढचं तिने सांगायच्या आधीच मला कळलं, ही कोण ते.

तेव्हापासून रोज ऑफिसमधून आलो की मी हे थोडं थोडं लिहितोय. शारजातल्या, रोल्लाच्या आपल्या घरापासून सुरुवात करतो, कारण मला आधी तेच दिसतं. चौथा मजला, स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या बिल्डिंगच्या एसींकडे उघडणारी. बाबा गेल्यावर तू नोकरीच्या व्हिसावर एकटी तिथे राहिलीस, मला पुण्यात शिकवलंस, आणि शिकून मी तुझ्याकडे परत आलो. मी अठ्ठावीस वर्षांचा, दुबईत एका बांधकाम कंपनीत एचआर ऑफिसर. तू नववीला इतिहास शिकवतेस. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एकीकडे निवडायची भाजी आणि दुसरीकडे तपासायचे पेपर. 'पहिलं महायुद्ध अकरा नोव्हेंबर एकोणीसशे अठराला संपलं' असं कुणी लिहिलं की तू अर्धा मार्क कापायचीस आणि शेजारी लाल शाईने लिहायचीस, 'किती वाजता?' मुलं वैतागायची. "मॅम, इज धिस कमिंग फॉर द एक्झाम?" हे वाक्य तू मला त्यांच्या सुरात करून दाखवायचीस आणि मग स्वतःच म्हणायचीस, "नाही येत रे परीक्षेला. तरी सांगते."

पुस्तकात त्या शेवटच्या सहा आठवड्यांना दोन ओळी होत्या. तू त्यावर दोन तास घ्यायचीस. सप्टेंबर संपता संपता आधी बल्गेरियाने हात टेकले. त्याच सुमारास जर्मन सेनापतींनी आपल्या सरकारला कळवलं, आता लढाई जिंकता येत नाही, ताबडतोब शस्त्रसंधी मागा. मग नवा चॅन्सेलर बसवला गेला आणि अमेरिकेच्या अध्यक्षांशी पत्रव्यवहार सुरू झाला, तोही सरळ नाही, स्वित्झर्लंडमार्फत. एक पत्र जायचं, चार-पाच दिवसांनी उत्तर यायचं, त्यात नवी अट असायची. अशा दोन पत्रांच्या मधल्या दिवसांत एक प्रवासी जहाज बुडवलं गेलं आणि पुढचं उत्तर आणखी कडक आलं. ऑक्टोबरच्या शेवटी तुर्कस्तानने सही केली. ऑस्ट्रियाने नोव्हेंबरच्या तीन तारखेला केली, पण ती चोवीस तासांनी लागू होणार होती. ऑस्ट्रियाच्या सैनिकांना वाटलं आत्तापासूनच, त्यांनी बंदुका खाली ठेवल्या. समोरच्या इटालियन फौजेने ते चोवीस तास पूर्ण वापरले आणि लाखो माणसं कैद केली. इथे तू थांबायचीस. तुर्कस्तानचं सांगताना तर नेहमीच. तुझ्या साताऱ्याकडच्या गावातून बरीच माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांशी लढायला गेली होती, त्यांत तुझ्या आजीचा थोरला भाऊ होता. तिकडे सही झाल्यावरही इंग्रजांची फौज मोसुलपर्यंत चालत राहिली. तो माणूस सहीच्या आधी गेला की नंतर, हे घरी शेवटपर्यंत कळलं नाही. भिंतीवरच्या नकाशात शारजापासून ते ठिकाण वीतभर अंतरावर होतं. तू खरोखर वीत लावून दाखवायचीस.

आमच्या कंपनीची गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहितो. दोन हजार आठच्या दिवाळीपर्यंत आम्ही माणसं भरत होतो. नोव्हेंबरात एक टॉवर होल्डवर गेला, जानेवारीत दुसरा. साइटवरच्या क्रेन उभ्याच होत्या, फक्त फिरत नव्हत्या. ऑफिसात कुणी मोठ्याने बोलेनासं झालं, प्रिंटरजवळ दोन माणसं उभी दिसली की तिसरा लांबूनच वळायचा. आमचा जनरल मॅनेजर लेबनीज होता, वागायला गोड. मंदीबद्दल विचारलं की हाताचे तळवे वर करून "खलास" म्हणायचा, पण काय खलास ते कधी सांगायचा नाही.

आणि आमच्याकडे एक क्वांटिटी सर्व्हेअर होते, बांधकामाच्या मालाचा आणि खर्चाचा हिशोब काढणारे. ते नाशिकचे, म्हणून त्यांना इथे नाशिककर म्हणतो, ते त्यांचं आडनाव नव्हे. वय अडतीस-चाळीस, दोन वर्षं दुबईत शेअरिंगच्या खोलीत एकटे राहत होते. मार्चच्या शेवटी त्यांनी बायको आणि मुलीला आणलं, आपल्यापासून दहा मिनिटांवर, अल नाहदाला फ्लॅट घेतला. मुलीला शाळा कोणती, असं त्यांनी मला विचारलं आणि मीच तुझी शाळा सांगितली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नववीचा वर्ग भरला तेव्हा ती तुझ्या तिसऱ्या बाकावर होती.

त्याच आठवड्यात बुधवारी तू खूश होतीस. मी ऑफिसातून येऊन हातपाय धुतले, तू पानं घेतलीस आणि बसता बसताच सांगायला लागलीस. नवीन वर्गाला विषयाची गोडी लागावी म्हणून तू पुस्तक बाजूला ठेवून ते जंगल सांगितलं होतंस. फ्रान्समधलं जंगल, रेल्वेचा डबा, आत टेबल. पहाटे पाचच्या सुमाराला सही झाली आणि युद्ध थांबायची वेळ ठरली सकाळी अकराची. तारा गेल्या, फोन गेले, बऱ्याच ठिकाणी सात-आठ वाजेपर्यंत बातमी पोचलीसुद्धा. आणि तरी अकरापर्यंत तोफा चालू राहिल्या, काही अधिकाऱ्यांनी त्या सहा तासांत माणसं पुढे घातली. "सगळा वर्ग अकरा वाजता वाजणाऱ्या घंटांचं चित्र बघत बसला होता," तू म्हणालीस, "आणि ही पोरगी हात वर करते. मॅम, सही झाली होती तर पाच वाजताच का नाही थांबले? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं रे मला." मी वरणभात कालवत होतो. मी म्हणालो, "हुशार आहे." तू म्हणालीस, "हुशारीचं नाही. तिला खरंच वाईट वाटलं होतं."

रविवारी, तेव्हा इथला आठवडा सुरू व्हायचा त्या दिवशी, सकाळी मी चौदा पत्रं दिली. जनरल मॅनेजर शनिवारीच बैरुतला गेला होता, पत्रांखाली कंपनीचा शिक्का होता आणि देणारा म्हणून माझी सही. एकेकाला मीटिंग रूममध्ये बोलावायचं, पाणी द्यायचं, पत्र पुढे करायचं, पोचपावती घ्यायची. नाशिककर सहावे होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "आजपासून?" मी म्हणालो, "आजपासून. व्हिसा कॅन्सल झाला की त्यानंतर देश सोडायला तीस दिवस." "मुलीची परवाच पुस्तकं घेतली हो," ते म्हणाले. मग म्हणाले, "साहेब कुठेत?" "बैरुतला." त्यांनी मान हलवली, माझ्याच पेनने सही केली आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही तरी काय करणार. तुम्हाला पाठवलंय."

हे वाक्य मी दिवसभर धरून बसलो होतो. संध्याकाळी घरी आल्या आल्या तुला तेच सांगितलं. तू गवार मोडत होतीस. मी म्हणालो, आज चौदा जणांना काढलं, तुझ्या त्या नाशिकच्या मुलीच्या वडिलांनाही, आणि साहेब स्वतः आला नाही, मला पुढे केलं. तुझे हात थांबले. मग तू मला त्या डब्यात सही करायला गेलेल्या माणसाचं सांगितलंस. युद्ध हरलोय असं सप्टेंबरातच म्हणणारे सेनापती सहीच्या वेळी मागे राहिले. साध्या कोटातला एक राजकारणी पुढे पाठवला, पांढरं निशाण लावलेल्या गाडीतून, रात्रभर खड्ड्यांच्या रस्त्याने. सही त्याची झाली, आणि पुढे लोकांनी शिव्या दिल्या त्यालाच. त्याला शेवटी मारलंसुद्धा. तू हे सांगत होतीस तेव्हा मला बरं वाटत होतं. तो कोट मी मनातल्या मनात अंगावर चढवला होता.

मग तू विचारलंस, "तुला कधी कळलं?"

"मंगळवारी," मी म्हणालो.

तू उठलीस, नळाखाली हात धुतलेस, पदराला पुसलेस. "म्हणजे बुधवारी मी तुला तिचा प्रश्न सांगत होते, तेव्हा तुला माहीत होतं."

"कॉन्फिडेन्शियल होतं, आई. बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती."

"गेली असती कदाचित," तू म्हणालीस. तुझा आवाज चढला नव्हता, पेपर वाचून दाखवताना असतो तसाच होता. "त्या माणसाने काय केलं होतं, ते अजून सांगायचं राहिलंय. डब्यात पाऊल टाकलं त्याच दिवशी त्यांच्या बाजूने मागणी झाली होती, बोलणी चालू आहेत तोवर तरी गोळीबार थांबवा. समोरच्यांनी नाही म्हटलं. सही होईपर्यंत काहीही थांबणार नाही म्हणाले. पण मागणी झाली होती. तू विचारलंस?"

"कुणाला?"

"तुझ्या साहेबाला. ह्यांची मुलगी आत्ताच आली आहे, निदान शाळेला सुट्टी लागेपर्यंत थांबू या, असं. नाहीच म्हणाला असता. तू विचारलंस का?"

तू गवार फोडणीला टाकलीस, कुकर लावला, आणि जेवायला वाढलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा डबा नेहमीसारखा भरून ओट्यावर होता. त्या विषयावर तू परत कधी बोलली नाहीस. मी दोन-तीनदा वाट पाहिली होती.

तू मात्र नुसती बसून राहिली नाहीस. सोमवारी शाळा सुटल्यावर तू तशीच अल नाहदाला त्यांच्या घरी गेलीस आणि सांगितलंस, परत जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मुलीला शाळेत पाठवा. प्रिन्सिपल म्हणाले, आता काय उपयोग, मॅडम. तू म्हणालीस, हजेरीपटावर नाव आहे तोवर ती माझ्या वर्गातली आहे. महिनाभर ती आली. तेवढ्यात तू तिच्यासाठी पुढचे धडे आधी घेतलेस आणि बाकीच्या वर्गाला नंतर परत शिकवलेस, हे मला तुझ्या शाळेतल्या एका बाईंकडून कळलं.

मीही गेलो होतो त्यांच्याकडे, पॅकिंगला. सुट्टीचे दोन शुक्रवार. मी खोकी आणली, टेप आणली, नाशिककर आणि मी गुडघ्यांवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होतो. काही खोकी तर अजून उघडलीच नव्हती, ती तशीच परत निघाली होती. वहिनींनी कागदी कपांत चहा दिला. त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "तुमच्या कंपनीत असं सगळं अचानकच ठरतं का हो?" मी म्हणालो, "हो वहिनी. वरून येतं." नाशिककर म्हणाले, "अगं, त्यांना कशाला विचारतेस." मुलगी आतल्या खोलीत जमिनीवर पालथी पडून तू दिलेल्या नोट्स उतरवून घेत होती.

पुढे कंपनी बंद पडली ती दीड वर्षाने. शेवटी माझ्या पत्राचीही वेळ आली. तेव्हाही ते द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मी स्वतःच ते टाइप करून फाइलला लावलं. मला दुसरी नोकरी दोन महिन्यांत मिळाली. तू रिटायर होऊन पुण्याला गेलीस, मी लग्न केलं, तुझ्या आजारपणात रजा काढून तीनदा आलो. शेवटच्या खेपेला तू बरंच बोलत होतीस, गावाचं, बाबांचं, वर्गातल्या मुलांचं. एक दुपार आपण दोघंच होतो. तू डोळे मिटून पडली होतीस आणि मला वाटलं, आता सांगावं. मग नर्स आली. ती गेल्यावरही वेळ होता.

मागच्या आठवड्यात त्या कँटीनमध्ये मी तिला घरच्यांचं विचारलं. तिने सरळ सांगितलं. नाशिकला बाबांना जम बसवायला चार वर्षं लागली, आता ते एका बिल्डरकडे आहेत, बरं चाललंय. आईने सरकारी नोकरी सोडली होती ती परत मिळाली नाही, काही वर्षं घरी क्लास घेतले, मग तेही थांबलं. हे सांगताना तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ऑडिटचा रिपोर्ट सांगावा तसं सांगत होती. मग म्हणाली, "तुमच्या आई मला दर शुक्रवारी फोन करायच्या, माहितीये? नववी संपेपर्यंत. नंतरही अधूनमधून. मी एकदा विचारलं, मॅम, आता माझी दुसरी शाळा आहे, दुसरं पुस्तक आहे, तुम्ही कशाला? तर म्हणाल्या, माझा धडा अर्धा राहिला होता." मला हे फोन माहीत नव्हते. शुक्रवारी दुपारी मी झोपलेलो असायचो.

ट्रे उचलता उचलता ती म्हणाली, "बाबा अजून तुमचं नाव काढतात. म्हणतात, त्या अख्ख्या कंपनीतून घरी आलेला एकच माणूस. त्यांना सांगू ना तुम्ही भेटलात म्हणून? नंबर देऊ त्यांचा?" मी दे म्हणालो. तिने तिथेच पाठवला.

आई, मंगळवार खरा नव्हता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जनरल मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं होतं. बारा नावं त्याच्याकडे तयार होती. "हबीबी, क्यूएसमधून दोन हवेत," तो म्हणाला, "यू नो देम बेटर. थर्सडेपर्यंत दे. यल्ला, लवकर." मी दोन दिवस क्वांटिटी सर्व्हेच्या त्या डिपार्टमेंटची फाइल समोर ठेवून बसलो. सहा माणसं होती. चौघांची कुटुंबं इथे होती, मुलं शाळेत. दोघे एकटे होते. मला वाटलं, जो एकटा आहे त्याला परत जाणं सोपं, त्याच्यामागे कुणाचं काही मोडणार नाही. मी ती दोन नावं लिहिली. त्यात नाशिककर होते. तेव्हा मला आपण दयाळूपणे वागल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

पाच-सहा दिवसांनी ते पँट्रीत मला भेटले. चहाचा कप हातात, जरा लाजत म्हणाले, "तुम्ही एचआरमध्ये आहात, तुम्हाला आतलं कळत असेल, म्हणून विचारतो. बाहेर लोक काहीबाही बोलतात. फॅमिली आणू ना? बायकोने राजीनामा लिहून ठेवलाय, उद्या देणार आहे. सरकारी नोकरी आहे हो, एकदा सुटली की सुटली." पत्रं छापायला अजून तीन आठवडे होते. यादी अजून साहेबाच्या टेबलावर होती, एक नाव बदलायचं तर मला केबिनपर्यंत चालत जायचं होतं. पण बदलून मग कुणाचं लिहायचं, आणि मी मागे फिरलो तर साहेब माझ्याकडेच बघेल, एवढं सगळं मनात येऊन गेलं, आणि मी म्हणालो, "इन्शाल्ला, होईल सगळं ठीक." ते हसले. "तुम्ही पण अरब झालात की," म्हणाले, आणि कप विसळून गेले.

तू मला विचारलंस, साहेबाला विचारलंस का. तुझा समज होता की मी पाच दिवस गप्प बसलो. तेवढ्यासाठी तू मला बोललीस आणि मी ते ऐकून घेतलं, कारण ते खऱ्यापेक्षा कमी होतं.

हे सगळं मी तुला लिहितोय, पण तुझं यात कुणी काही बिघडवलेलं नाही. ज्यांना हे कळायला हवं ते नाशिकला आहेत, आणि सकाळी दहानंतर फोन उचलतात असं तिने सांगितलंय. नंबर येऊन आज नऊ दिवस झाले. मी फोन केलेला नाही.